चॅनेल नेमकं कोण बंद करतं? आणि कंपन्या एक झाल्या की बिल का उतरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी बरीच वर्षं एकाच कंपनीची छत्री आहे. मागच्या महिन्यात आईची रोजची मालिका ज्यावर लागते ते मराठी चॅनेल पॅकमधून अचानक गेलं. छत्रीवाल्यांना फोन केला तर म्हणाले, ‘चॅनेलवाल्यांनी दर वाढवलेत.’ चॅनेलवाले म्हणतात, ‘तुमच्या कंपनीने आम्हाला काढलं, तिला जाब विचारा.’ खरं कोण बोलतंय? आणि एवढ्या मोठमोठ्या कंपन्या एकत्र येतायत, तर ही भांडणं थांबून बिल कमी होईल का?

खरं दोघंही बोलतायत, पण प्रत्येक जण आपल्या सोयीचं अर्धंच सांगतोय. मी वीस वर्षं चॅनेलवाल्यांशी करार करायचं काम केलं. आधी केबलच्या बाजूने, नंतर एका डीटीएच, म्हणजे छत्रीवाल्या, कंपनीत. म्हणजे टेबलाच्या एकाच कडेला माझं आयुष्य गेलं, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

आधी ‘बंद झालं’ म्हणजे काय झालं ते समजून घेऊ, कारण बंद होण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्हींत गुन्हेगार वेगळा असतो.

चॅनेलचं सिग्नल उपग्रहावरून खाली येतं ते थेट तुमच्या घरी येत नाही. ते केबल कंपनीच्या किंवा डीटीएच कंपनीच्या केंद्रावर उतरतं. तिथे चॅनेलवाल्यांनीच दिलेला एक बॉक्स असतो, आमच्या भाषेत आयआरडी. त्या बॉक्सचा आणि त्यातल्या कार्डाचा नंबर करारात लिहिलेला असतो. करार संपला किंवा बिल थकलं की चॅनेलवाले आपल्या ऑफिसात बसून ते कार्ड बंद करतात. एक आज्ञा उपग्रहावरून जाते आणि त्या कंपनीच्या सगळ्या ग्राहकांकडे, म्हणजे हजारो किंवा लाखो घरांत, चॅनेल एकदम जातं. याला आम्ही ‘कार्ड मारलं’ म्हणायचो.

दुसऱ्या तऱ्हेत चॅनेल कंपनीकडे येत असतंच. फक्त कंपनी ते तुमच्या पॅकमधून काढते. तुमच्या बॉक्सची परवानगी जाते, पण शेजाऱ्याने ते वेगळे पैसे देऊन घेतलं असेल तर त्याच्याकडे दिसत राहतं.

ओळखायचं कसं? चॅनेलचा नंबर दाबा. नंबर यादीत आहे आणि पडद्यावर ‘हे चॅनेल घेण्यासाठी अमुक करा’ असं येतंय, तर पॅकमधून काढलंय. नंबरच गायब झाला असेल किंवा त्या कंपनीच्या कुठल्याच ग्राहकाला ते दिसत नसेल, तर कार्ड मारलंय. तुम्ही लिहिलंत त्यावरून तुमचं प्रकरण पॅकचं दिसतं. म्हणजे हात छत्रीवाल्यांचा. पण त्यांनी तसं का केलं, तिथे छत्रीवाल्यांचं अर्धं खरं येतं.

कार्ड मारल्यावर आतून कसं दिसतं ते मी एकदा अगदी जवळून पाहिलंय. २०१५ च्या सुमाराची गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं केंद्र होतं. जुन्या पेठेतल्या इमारतीची गच्ची, तिच्यावर पाच मोठ्या डिश, खाली एसी लावलेली खोली. रॅकमध्ये आयआरडी एकावर एक रचलेले, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर मार्करने लिहिलेलं चॅनेलचं नाव. समोर भिंतीवर सगळ्या चॅनेलचे छोटे चौकोन. एका मोठ्या समूहाशी आमचा करार संपला होता आणि नव्या दरावर एकमत होत नव्हतं. नोटिशीची मुदत रात्री बाराला संपत होती. बारा वाजून चार मिनिटांनी वरच्या कोपऱ्यातला एक चौकोन काळा झाला. मग त्याच्या शेजारचा. असे एकेक करत अकरा. खोलीत पंख्यांची घरघर सोडून आवाज नव्हता. आमचा तंत्रज्ञ सवयीने वायरी हलवून बघत होता. काही उपयोग नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

सकाळी साडेसहाला पहिला फोन आला, तो गल्लीतल्या केबलवाल्याचा. ‘साहेब, आज पाच तारीख. वसुलीला कुठल्या तोंडाने जाऊ?’ तो दारोदार फिरून पैसे गोळा करणारा माणूस. त्याचा त्या करारात काडीचा हात नव्हता, पण दार उघडल्यावर शिव्या त्यालाच बसणार होत्या. संध्याकाळी मालिकांच्या वेळेला फोन वाढले. दुसऱ्या दिवशी दोन गल्ल्यांतल्या लोकांनी छत्र्या बसवायला घेतल्या. चौथ्या दिवशी आम्ही सही केली, मागत होतो त्याहून बऱ्याच चढ्या दराने. त्या चार दिवसांत चॅनेलच्या जाहिरातींचं त्या एका तालुक्यापुरतं जे नुकसान झालं, ते त्यांच्या हिशोबात दिसलंसुद्धा नसेल.

त्या रात्रीनंतर मी प्रत्येक करार एकाच प्रश्नाने सुरू केला: काळा पडदा कोणाला जास्त दिवस सोसवेल? या धंद्यातली सगळी भांडणं तिथे येऊन थांबतात, आणि कंपन्यांची लग्नंही त्याच हिशोबावर ठरतात. विलीनीकरण म्हणजे बहुतेक वेळा समोरच्यापेक्षा एक दिवस जास्त तग धरायची तयारी.

आता पैशाकडे येतो. जुन्या केबलच्या काळात तारेतून शंभरेक चॅनेल मावायची आणि चढायला रांग त्याहून मोठी. त्यामुळे नवी चॅनेलं, विशेषतः बातम्यांची, उलट केबलवाल्यालाच पैसे द्यायची. त्याला कॅरेज फी म्हणतात. जी चॅनेलं लोकांना हवीच होती ती पैसे मागायची. आणि केबलवाला घरं किती सांगायचा? असतील त्याच्या कितीतरी कमी. चॅनेलवाल्यांना मोजायला साधनच नव्हतं, म्हणून तेव्हाचं भांडण आकड्यांचं असायचं. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर या शहरांत ३१ मार्च २०१३ ला, आणि खेडोपाडी हे काम २०१७ च्या मार्चपर्यंत चाललं. बॉक्स आला आणि घर मोजता येऊ लागलं. आज नियम असा आहे की महिन्याच्या ७, १४, २१ आणि २८ तारखेला, संध्याकाळी सात ते रात्री अकराच्या दरम्यान, कुठलं चॅनेल किती घरांत चालू आहे याची नोंद घ्यायची आणि त्या चार नोंदींची सरासरी काढून हिशोब करायचा. लपवाछपवी संपली असं म्हणणार नाही, पण भांडण आकड्यावरून दरावर आणि पॅकवर सरकलं.

दराचं गणित २०१७ च्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या सरकारी नियामकाच्या, आदेशाने बदललं. स्टार इंडियाने त्याला मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑक्टोबर २०१८ ला आदेश कायम ठेवला आणि २०१९ च्या सुरुवातीला तो घरोघरी लागू झाला. बिस्किटाच्या पुड्यावर असते तशी प्रत्येक चॅनेलवर एमआरपी आली. शिवाय जोडणीचे म्हणून पहिल्या शंभर चॅनेलना जास्तीत जास्त १३० रुपये, जीएसटीसह १५३ रुपये ४० पैसे. हे तुम्हाला आठवत असेल, कारण त्या महिन्यात निम्म्या महाराष्ट्राने चॅनेल निवडायचे फॉर्म भरले होते.

आता १९ रुपयांचं एक चॅनेल घ्या. त्यातले किमान २० टक्के, म्हणजे ३ रुपये ८० पैसे, वितरकाचे. वितरक म्हणजे तुमची केबल किंवा छत्रीची कंपनी. याशिवाय चॅनेलवाले वितरकाला फार तर आणखी १५ टक्के सूट देऊ शकतात, म्हणजे २ रुपये ८५ पैसे. एवढीच जागा मोकळी. वर्षानुवर्षं ज्या वाटाघाटी मी केल्या त्या शेवटी या पावणेतीन रुपयांवर येऊन ठेपायच्या. चॅनेल अमुक इतक्या घरांत पोचवा, आमचा बुके, म्हणजे चॅनेलचा गठ्ठा, तुमच्या मूळ पॅकमध्ये ठेवा, नंबर वरचा द्या, मग ही सूट. एक कोटी घरांना गुणलं तर एका चॅनेलमागे महिन्याला २ कोटी ८५ लाख होतात. मग कोण कशासाठी रात्री बारापर्यंत जागतं ते कळेल.

आणि १९ हाच आकडा का? बुकेत घालायचं तर चॅनेलची किंमत १९ च्या वर नको, असा नियम. त्यामुळे चलतीची कितीतरी चॅनेलं बरोबर १९ वर येऊन बसली. लोकांची बिलं वाढली. मग २०२० च्या सुरुवातीला ट्रायने ही मर्यादा १२ वर आणली. चॅनेलवाले मुंबई उच्च न्यायालयात गेले, २०२१ मध्ये न्यायालयाने बराचसा आदेश उचलून धरला, तरी अंमलबजावणी लांबत गेली आणि २०२२ च्या नोव्हेंबरात मर्यादा पुन्हा १९ वर गेली. सोबत बुकेवर ४५ टक्क्यांपर्यंत सूट द्यायची मुभा मिळाली.

या ४५ टक्क्यांकडे नीट पाहा. सुटी घेतली तर शंभर रुपयांची होणारी चॅनेलं गठ्ठ्यात ५५ ला मिळतात. त्यातली तुम्हाला हवी असलेली तीन-चार चॅनेलंच सुटी घेतली तरी पन्नास-साठ होतात. म्हणजे गठ्ठा घेणं शहाणपणाचं ठरतं आणि कोणी न बघितलेली दहा चॅनेलं तुमच्या घरी चालू राहतात. चॅनेलवाल्यांना तेच हवं असतं, कारण पोच वाढली की जाहिरातींचा दर चढतो. मला स्वतःला हा नियम पटत नाही. ‘जे बघाल त्याचेच पैसे भरा’ असं लोकांना सांगितलं होतं आणि नंतर गठ्ठा एवढा स्वस्त करून दिला की ते वचन कागदावरच राहिलं.

या नव्या दरांवरूनच अलीकडचा सगळ्यात मोठा अंधार झाला. १ फेब्रुवारी २०२३ पासून नवे दर लागू होणार होते. डीटीएच कंपन्यांनी सह्या केल्या. केबल कंपन्यांच्या ऑल इंडिया डिजिटल केबल फेडरेशनने नकार दिला: दरवाढ ग्राहकाच्या माथी मारावी लागेल आणि ग्राहक पळेल. फेडरेशन केरळ उच्च न्यायालयात गेली, तिथे अंतरिम दिलासा मिळाला नाही. १८ फेब्रुवारीला डिस्ने स्टार, झी आणि सोनी या तिघांनी सह्या न केलेल्या कंपन्यांची सिग्नलं बंद केली. फेडरेशनच्या म्हणण्याप्रमाणे साडेचार कोटी घरं अंधारात गेली. आठवड्याच्या आत तडजोड झाली, सह्या झाल्या, चॅनेलं परतली.

तारीख बघा. १८ फेब्रुवारीला दिल्लीत भारत–ऑस्ट्रेलिया दुसऱ्या कसोटीचा दुसरा दिवस होता आणि मालिका स्टार स्पोर्ट्सवर होती. आधीची कसोटी आपल्या नागपुरात जामठ्याला होऊन गेलेली. कायद्याची नोटिशीची मुदत पाळूनच सगळं झालं असेल, पण वीस वर्षांत मी एक गोष्ट पक्की पाहिली: मोठी मालिका किंवा स्पर्धा चालू असताना कराराची मुदत संपत असेल, तर चॅनेलवाल्यांचा आवाज चढा असतो. उलट परीक्षांच्या दिवसांत, क्रिकेट नसताना, तेच लोक चहा घेऊन बोलायला बसतात.

अमेरिकेत तर हे दरवर्षीचं आहे. २०२४ मध्ये १ सप्टेंबरला डिस्नेची चॅनेलं डायरेक्टीव्ही या उपग्रह कंपनीवरून गेली. यूएस ओपन टेनिस चालू होती, कॉलेज फुटबॉलचा हंगाम उघडला होता. एक कोटीहून जास्त घरं तेरा-चौदा दिवस त्या चॅनेलविना राहिली. १४ तारखेला समेट झाला. आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला डायरेक्टीव्हीने जाहीर केलं की प्रतिस्पर्धी डिश ही कंपनी एक डॉलरला, पण तिच्या डोक्यावरच्या कर्जासकट, विकत घेऊ. म्हणजे तग धरण्यासाठी एकत्र यायचा खटाटोप. याच दोन कंपन्यांचं लग्न २००२ मध्ये तिथल्या नियामकांनी मोडलं होतं, कारण उपग्रहाच्या धंद्यात मग एकच दुकान उरलं असतं. २०२४ मध्ये सरकारपर्यंत विषय पुरता पोचायच्या आधीच डिशच्या रोखेधारकांनी कर्जावर पाणी सोडायला नकार दिला आणि नोव्हेंबरात बेत फसला. बावीस वर्षांपूर्वी ज्यांच्या एकत्र येण्याची भीती वाटली, ते आता एकत्र येऊनही टिकतील का, हा प्रश्न झाला होता. इंटरनेटवरच्या टीव्हीने मधल्या काळात एवढा फरक पाडला.

आपल्याकडचं यासारखं लग्न म्हणजे डिश टीव्ही आणि व्हिडिओकॉन डीटूएच. हे मी जवळून पाहिलं, आणि तुमच्या ‘बिल कमी होईल का’ या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. व्हिडिओकॉन म्हणजे संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, धूतांचा समूह. चितेगावचा कारखाना मराठवाड्यात कोणाला माहीत नाही! डीटूएचची सेवा २००९ मध्ये आली. डिश टीव्ही झीच्या मालकांच्या एस्सेल समूहाची, २००३ पासूनची, देशातली पहिली खासगी डीटीएच. विलीनीकरणाची घोषणा झाली ११ नोव्हेंबर २०१६ ला, नोटबंदीनंतर तिसऱ्या दिवशी. जिओ सुरू होऊन दोन महिने झाले होते. रोख पैसे नाहीत, शेअरची अदलाबदल: नव्या कंपनीत ५५.४ टक्के डिशच्या भागधारकांचे, ४४.६ टक्के डीटूएचच्या. स्पर्धा आयोग, कंपनी न्यायाधिकरण, माहिती-प्रसारण मंत्रालय अशा परवानग्या घेत २२ मार्च २०१८ ला ते पूर्ण झालं. ग्राहकसंख्येत ती देशातली सगळ्यात मोठी डीटीएच कंपनी झाली.

कागदावर सगळं बरोबर होतं. उपग्रहावरची जागा भाड्याने घ्यावी लागते, ती दोघांऐवजी एकाने घेतली की खर्च वाचेल. कॉल सेंटर एक. आणि चॅनेलवाल्यांसमोर दुप्पट ग्राहकांनिशी बसलो की दर पाडून मिळेल.

पण गच्चीवर जाऊन बघा. डिश टीव्हीची छत्री ९५ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे तोंड करून आहे, डीटूएचची ८८ अंशांच्या उपग्रहाकडे. सात अंशांचा फरक. एका घराची छत्री फिरवायला माणूस गच्चीवर चढवायचा, नट सैल करायचा, मीटरवर सिग्नल बघत मिलिमीटर मिलिमीटर सरकवायचं, खाली येऊन बॉक्स बदलायचा, कारण दोघांच्या बॉक्सचं कुलूपही वेगळं. अर्धा-पाऊण तास आणि एक नवा बॉक्स. हे एक कोटी घरांत करायला पैसा कोण घालणार? म्हणून कंपनी एक झाली तरी दोन उपग्रह, दोन बॉक्स आणि दोन नावं राहिली. आजही दुकानात दोन्ही नावं वेगळी मिळतात.

दुसरा फायदा, दर पाडून घेण्याचा, तो २०१९ ने गिळला. वर सांगितलेलं एमआरपीचं गणित आलं आणि घाऊक घासाघीस करायची मुभाच पावणेतीन रुपयांवर आली. दहा लाख ग्राहकवाला असो की दोन कोटीवाला, चॅनेलचा दर जाहीर, सूट मिळण्याच्या अटीही जाहीर. दुप्पट मोठं होऊन जे कमवायचं होतं ते नियमाने सगळ्यांना सारखं करून टाकलं. पुढे कर्ज, गहाण पडलेले शेअर बँकेकडे जाणं, संचालक मंडळावरचा झगडा असं बरंच झालं. त्यात शिरत नाही, तुमच्या बिलाशी त्याचा संबंध कमी आहे.

टाटा प्ले आणि एअरटेल यांचीही बोलणी २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर झाली आणि मे महिन्यात संपली. जमलं नाही एवढंच दोघांनी सांगितलं. मला आश्चर्य वाटलं नाही. ट्रायच्या आकड्यांत डीटीएचची घरं २०१९ ला सात कोटींच्या वर होती, २०२५ च्या मार्चअखेर ती पावणेसहा कोटींच्या आत आली. वितळणाऱ्या बर्फाच्या दोन लाद्या एकत्र बांधून वितळणं थांबत नाही.

वितरकांची लग्नं फसली, पण चॅनेलवाल्यांचं जमलं, आणि तुम्ही लक्ष ठेवायचं ते तिकडे. झी आणि सोनीचा बेत दोन वर्षं चालून जानेवारी २०२४ मध्ये मोडला. मात्र रिलायन्सची वायाकॉम१८ आणि डिस्नेची स्टार इंडिया १४ नोव्हेंबर २०२४ ला एक झाल्या. किंमत ७०,३५२ कोटी धरली गेली, चॅनेलं शंभराहून जास्त, आणि क्रिकेटचे बहुतेक मोठे हक्क एका छपराखाली.

मराठी माणसाने या व्यवहाराची एक अट मुद्दाम वाचावी. स्पर्धा आयोगाची परवानगी मिळवताना काही चॅनेलं विकून टाकू असं कंपन्यांनी मान्य केलं. त्या यादीत कलर्स मराठी होतं. का? कारण स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एकाच घरात गेली असती तर मराठी मनोरंजनाच्या बाजारात एका समूहाचा वाटा फार मोठा झाला असता. कलर्स मराठी म्हणजे २००० साली आलेलं आपलं ई टीव्ही मराठी. अनेक लेखक, नट, तंत्रज्ञ तिथे घडले. हिंदी बाजारात शंभर चॅनेलांत दोन इकडे-तिकडे झाली तर फरक पडत नाही. मराठीत मोठी मनोरंजन चॅनेलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिथे दोन घरं एक झाली की मालिका विकणाऱ्या निर्मात्याला एक दार कमी, जाहिरात देणाऱ्या कोल्हापूरच्या मसालेवाल्याला एक पर्याय कमी, आणि माझ्यासारख्या करार करणाऱ्याला समोर एकच माणूस. दिल्लीतल्या एका आदेशात मराठीचा बाजार हा स्वतंत्र बाजार म्हणून मोजला गेला, याचं मला फार मोल वाटतं.

दुसरी गोष्ट मला खरोखर काळजीची वाटते. रिलायन्सने २०१८ मध्ये हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत बहुमताचा हिस्सा घ्यायचं ठरवलं आणि घेतला. म्हणजे चॅनेलही त्यांची, तार आणि फायबरही त्यांचं. २००१ मध्ये डीटीएचचे नियम झाले तेव्हा चॅनेल कंपनीचा डीटीएच कंपनीत २० टक्क्यांहून जास्त हिस्सा नको अशी अट घातली होती, कारण हाच धोका दिसत होता. केबलला ती अट नव्हती. दर जाहीर करायचे, भेदभाव करायचा नाही, मागेल त्याला चॅनेल द्यायचं हे नियम आहेत, आणि २००४ पासून वाद दिल्लीच्या टीडीसॅट न्यायाधिकरणात जातात. पण आपलीच केबल असली की काळा पडदा सोसण्याची ताकद आपोआप वाढते. भांडणात समोरच्याचा ग्राहक पळाला तर तो आपल्याच तारेवर येण्याची शक्यता असते. सांगलीच्या स्वतंत्र केबलवाल्याकडे असं दुसरं घर नाही.

तेव्हा बिलाचं उत्तर: वितरक एक झाले तर वाचेल ते जोडणीच्या भागात, तेही तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही. २०२४ च्या जुलैपासून तर जोडणीच्या शुल्कावरची कमाल मर्यादाही ट्रायने काढली आहे. चॅनेलवाले एक झाले तर चॅनेलच्या दराचा भाग घट्ट होतो, आणि मनोरंजनाच्या पॅकमध्ये तोच भाग मोठा असतो. बिलं ज्याने खाली धरली ते म्हणजे डीडी फ्री डिश, जिला महिन्याचं शुल्कच नाही, आणि मोबाईलवरचा स्वस्त डेटा. तोटा होतो तो ज्यांना हे दोन्ही पुरत नाहीत त्यांचा: गावात एकट्या राहणाऱ्या, मोबाईलवर मालिका बघायची सवय नसलेल्या, संध्याकाळी सात ते दहा टीव्हीच्या सोबतीने काढणाऱ्या माणसांचा. तुमच्या आईंसारख्यांचा. करार करताना अशा माणसांचा आकडा कोणाच्याच कागदावर नसायचा. मी तो मांडायला हवा होता तेवढा मांडला नाही, याची खंत मला आहे.

आता आईंसाठी काय करायचं ते. कंपनीच्या ॲपवर किंवा ९९९ नंबरच्या माहिती चॅनेलवर त्या चॅनेलची सुटी किंमत बघा आणि ते एकटं घ्या. सुटं देणं कंपनीला बंधनकारक आहे. ‘पूर्ण गठ्ठाच घ्यावा लागेल’ असं फोनवरचा माणूस म्हणाला तर ऐकू नका, त्याच्याकडून तक्रारीचा नंबर घ्या. चॅनेल कंपनीच्या सेवेतूनच गेलं असेल तर त्या तारखेपासून त्याचे पैसे लावता येत नाहीत. वर्षाचा रिचार्ज आधी भरला असेल तर हे आवर्जून विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या माणसाकडे, लेखी जा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका. पुढचा टप्पा ग्राहक आयोग.

उद्या कधी कार्ड मारल्याचं प्रकरण झालं, तर पहिल्या आठवड्यात छत्री बदलू नका. नियमाप्रमाणे तीन आठवडे आधी समोरच्याला नोटीस आणि पंधरा दिवस आधी तुम्हाला पडद्यावर पट्टी दिसायला हवी. ती दिसली की मुदतीची तारीख लिहून ठेवा आणि त्या सुमाराला मोठं क्रिकेट आहे का बघा. मी पाहिलेले बहुतेक अंधार दोन-चार दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत उठले. नव्या जोडणीचे पैसे मात्र परत मिळत नाहीत.

आणि आईंचं चॅनेल सुटं घेताना जुन्या पॅकची यादी एकदा त्यांच्यासमोर वाचा. वर्षभरात ज्यावर एकदाही थांबला नाहीत अशी चॅनेलं त्यात निघतील. ती काढून टाकलीत की या एका चॅनेलचे पैसे तिथल्या तिथे वसूल होतील.